मलिद्याच्या ताटातली हद्द

“केळी कोणी हलवली?” मी स्वयंपाकघरातूनच ओरडले.

येरुशाआत्या विळीवर नारळ खवत बसली होती, ती खवतच राहिली. आई खलबत्त्यात वेलची कुटत होती, तिनंही मान वर केली नाही. मी पितळी ताटाकडे पुन्हा बघितलं. मघाशी केळ्याचे तुकडे मी माझ्या हातांनी डावीकडे लावले होते. आता ते उजवीकडे, खजुराच्या मांडीला मांडी लावून बसले होते.

“मांजर असेल,” आत्या म्हणाली.

“मांजर असे ओळीत लावून जातं तुकडे?”

“आपलं मांजर आहे गो. मोजणीदाराच्या घरचं. ओळीतच लावणार.”

मी तुकडे उचलून पुन्हा डावीकडे ठेवले आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिले. त्या दिवशी माझ्या सगळ्या आयुष्याचा निकाल त्या ताटावर लागायचा होता, आणि कोणीतरी माझी केळी इकडची तिकडे करत होतं.

ही गोष्ट रेवदंड्याच्या बाजूची, मी बावीस वर्षांची होते तेव्हाची. त्या दिवशी तू बिश्वात होता, म्हणजे झाडांचं नवं वर्ष. आम्ही बेने इस्राएली, कोकणातल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले यहुदी. आमच्यात या दिवशी एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलियाहू पैगंबराच्या नावानं मलिदा करतात. मलिदा म्हणजे तसं फार काही नाही. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची-जायफळ, वर काजू. ताटात त्याचा ढीग करायचा, भोवती पाच तरी फळं लावायची, मधोमध गुलाब खोचायचा, बाजूला वासाला सब्ज्याची डहाळी ठेवायची. मग फळ हातात घेऊन त्याची बेराखा म्हणायची, म्हणजे देवाचे आभार मानायचे. बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, आणि मग खायचं. कोणालाही लावता येईल असं साधं ताट.

पण आमच्या घरच्या ताटात हद्द होती.

ती आजोबांनी आखलेली. ताटाच्या या काठापासून त्या काठापर्यंत, मलिद्याच्या ढिगावर चढून पलीकडे उतरणारी मनुकांची सरळ रांग. रांगेच्या उजवीकडे झाडाची फळं: खजूर, संत्रं, सफरचंद, चिकू. डावीकडे एकटं केळं. कारण आमच्या धर्माप्रमाणे केळ हे झाड नव्हे. झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, जमिनीच्या पिकाची वेगळी, आणि केळं जमिनीच्या बाजूचं. हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. चुकीची बेराखा म्हणणं म्हणजे देवाचं नाव फुकट घेणं, आणि तिला आमेन म्हणणाराही तितकाच दोषी.

आजोबांच्या मागं ती हद्द सांभाळायला बाबा होते. बाबा भूमापन खात्यात मोजणीदार. तालुक्यातली बांधांची निम्मी भांडणं त्यांच्या साखळीनं मिटवली होती, आणि उरलेली निम्मी त्याच साखळीनं सुरू झाली होती. गावातला हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, इस्रायलला गेल्यापासून बेराखा म्हणायचं कामही बाबांकडेच आलं होतं. त्यांच्या तोंडून कधी शब्द चुकला असं कोणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्याचा चुकला तर चेहरा असा करायचे, की जणू त्यानं रात्रीतून शेजाऱ्याचा बांध सरकवला आहे.

“मिलका! अगो, ते मीठ आहे!”

आईनं माझ्या हातातला डबा ओढून घेतला. मी मलिद्यात चिमूटभर मीठ घालायच्या बेतात होते.

“हिचं लक्ष कुठंय आज?” आई म्हणाली.

“रेडिओत,” आत्या म्हणाली, आणि अशी खुदखुदून हसली की खवलेलं खोबरं विळीवरून उडालं.

माझे कान तापले. आमचा रेडिओ त्या वर्षी फार बिघडायचा. दर आठवड्याला. मी तो पिशवीत घालून रेवदंड्याच्या बाजारात एझ्रा नागावकरच्या दुकानात न्यायची, एझ्रा तो कानाशी धरून गंभीर चेहऱ्यानं ऐकायचा आणि म्हणायचा, “चार दिवस तरी लागतील.” मग चार दिवसांनी मी आणायला जायची. बिघाड काय होता ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी घरून निघताना त्यातले सेल उलटे घालायची, आणि एझ्रा ते सुलटे करायचा. एवढी एकच दुरुस्ती त्यानं त्या वर्षात चाळीस-पन्नास वेळा केली असेल.

शेवटी मी आईला सांगितलं, आणि आईनं बाबांना. बाबांनी हातातली साखळी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, “मुलगा सरळ आहे. पण जे घर आपल्या ताटातलं खात नाही, त्या घरात मी मुलगी देणार नाही.”

आणि नागावकरांचं घर आमच्या ताटातलं खात नव्हतं. पंचवीस वर्षं.

का, ते आत्या दर तू बिश्वातला सांगायची. नारळ खवताना तिला ती गोष्ट येतेच, जशी आपल्याला शिंक येते. त्या दिवशीही आली.

“इथंच बसला होता गो मुसाजी, या ओटीवर,” विळीवरूनच हात करून ती म्हणाली. मुसाजी म्हणजे एझ्राचे आजोबा. “हझान आजारी होता. म्हणून तुझ्या आजोबांनीच मुसाजीला म्हटलं, तू बेराखा म्हण. त्यांचा जिगरी दोस्त तो. अख्खी वाडी केळीची. पहाटेपासून केळीला पाणी घालणारा माणूस! त्यानं उचललं केळं, न् म्हटली झाडाची बेराखा.”

“आणि आजोबा उठले,” मी म्हटलं. मला पुढचं पाठ होतं.

“उठले? उडाले! म्हणाले, ‘आमेन म्हणू नका कोणी! मुसाजी, केळीत जन्म घालवलास, न् झाड कशाला म्हणतात ते ठाऊक नाही तुला?’ सगळी ओटी हसली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीपण हसले गो. मुसाजीनं केळं होतं तसं ताटात ठेवलं, चपला घातल्या, न् गेला.”

मग गावानं त्यांचं नाव मुसाजी केळकर पाडलं. पोरं वाडीच्या कुंपणापाशी उभी राहून हाका मारायची. आठ दिवसांत मुसाजींनी वाडीतल्या झाडून साऱ्या केळी उपटल्या आणि तिथं सुपारी लावली. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घरचं पाणीही घेतलं नाही. आजोबा गेले तेव्हा ते मातीला आले, पण आमच्या फाटकाच्या बाहेरच उभे राहिले.

“पण चुकले कसे ते?” मी विचारलं. हे मी आजवर कधी विचारलं नव्हतं.

आत्याचा हात थांबला. “अगो, आदल्या रात्री त्याला नातू झाला होता. पहिला नातू. रात्रभर झोपला नव्हता. आनंदानं वेडा झाला होता म्हातारा, आपण काय म्हणतोय ते त्याला कुठं कळत होतं.”

“म्हणजे एझ्रा?”

“मग दुसरा कोण!”

मला आधी वाईट वाटलं आणि मग इतकं हसू आलं की मी तिथंच जमिनीवर बसले. म्हणजे एझ्रा जन्मला, त्यापायी केळं चुकलं, आणि केळं चुकलं म्हणून आता एझ्रा मला मिळत नव्हता. एझ्रा एकदा म्हणाला होता, “माझ्या वाढदिवसाला आमच्या घरात सगळी फळं येतात, केळं येत नाही.” तेव्हा मला वाटलं होतं, त्याला केळं बाधत असेल.

एझ्रा सकाळीच येऊन गेला होता. रेडिओ द्यायला, अर्थात. बाबा समोर होते, म्हणून आम्ही एकमेकांना अहोजाहो करत होतो.

“तुमचा रेडिओ झाला,” तो म्हणाला.

“काय झालं होतं हो त्याला?”

“नेहमीचंच.”

बाबा आत गेल्याबरोबर तो भराभर कुजबुजला, “येतायत आजोबा.”

“खरंच?”

“तुझ्या बाबांनी काम केलं. परवा आमच्या फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. आजोबा झोपाळ्यावर. ये म्हणाले नाहीत, बस म्हणाले नाहीत. तुझे बाबा म्हणाले, ‘मुसाजीकाका, मलिद्याचं बोलावणं आहे. माझं नाही, एलियाहू हनाबीचं.’ मग आजोबा काय करतात? एलियाहूला नाही कसं म्हणायचं?”

“मग?”

“म्हणाले, ‘येईन. खाणार नाही.’”

मी कपाळाला हात लावला.

“आणि ऐक,” एझ्रा म्हणाला, “भूक लागली तर मोह नको म्हणून खिशात चणे घेऊन येतायत. काल संध्याकाळी स्वतः भाजून घेतलेत.”

“चणे!”

“हसू नकोस. रविवारी काका मला पनवेलला मुलगी दाखवायला नेणार आहेत. आज आजोबा इथं खाल्ल्याशिवाय उठले, तर मला जावं लागेल.”

“रेडिओ दुरुस्त करता येतो का तिला?” मी विचारलं.

“तिच्याकडे रेडिओच नाही, असं कळलंय,” एझ्रा म्हणाला, आणि आम्ही दोघंही असे हसत सुटलो की बाबा पुन्हा बाहेर आले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं नाही. फक्त रेडिओकडे बघितलं.

तर असं ते ताट. मुसाजीआजोबांनी त्यातलं काहीही, नुसता एक पोहा जरी तोंडात टाकला, तरी मी जिंकले. नाही टाकला, तर पनवेल.

म्हणून मी ते जीव ओतून लावत होते. संत्र्याच्या फोडी सोलून पाकळ्यांसारख्या पसरल्या. सफरचंद कापून त्याला लिंबू चोळलं. चिकू तर मी आठ दिवस तांदळात घालून पिकवले होते, आणि रोज सकाळी उठून त्यांची नाडी बघत होते. खजूर मुंबईहून आत्येभावानं पाठवलेले, अंगठ्याएवढे जाड, तुकतुकीत. आणि केळी वेलची, सालीसकट कापलेली, म्हणजे काळी पडणार नाहीत. मनुकांची रांग लावायला मी बाबांची लाकडी पट्टी घेतली होती. तरी रांग वाकडी जात होती, आणि मी एकटीच खुळ्यासारखी हसत होते.

“पाय जमिनीवर ठेव गं बाई,” आई म्हणाली. “अजून कोणी हो म्हटलेलं नाही.”

मी गुलाब आणायला परसात गेले. परत येते तो बाबा स्वयंपाकघरातून बाहेर पडत होते, दोन्ही हात पाठीमागे धरून. आत जाऊन बघते तर केळी पुन्हा उजवीकडे.

“बाबा!”

ते थांबले, पण वळले नाहीत.

“बाबा, केळी तुम्ही हलवलीत?”

“असू दे तिथं.”

“पण हद्द...”

“हद्द कुठं असावी ते मला शिकवतेस?” ते म्हणाले. आवाज नेहमीचा, मोजणीच्या वेळचा. “गुलाब लाव. माणसं यायला लागली.”

मी आईकडे बघितलं, आईनं आत्याकडे, आत्यानं वर छताकडे. “ताप आलाय का बघा कोणीतरी त्याला,” आत्या पुटपुटली. “बापानं घातलेली रांग मोडतोय, न् तीही आज. त्या मुसाजीसमोर!”

केळी मी परत हलवणार होते. पण तेवढ्यात फाटक वाजलं.

मुसाजीआजोबा आले. पांढरा कोट, काळी टोपी, हातात काठी, आणि कोटाचा उजवा खिसा फुगलेला. मागं एझ्रा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. ओटीवर वीस-पंचवीस माणसं होती, सगळी एकदम फाटकाकडे वळली. पंचवीस वर्षांनी हा माणूस आमच्या फाटकातून आत येत होता.

बाबांनी त्यांना ताटाजवळची, स्वतःच्या शेजारची जागा दिली. मी तांब्या पुढं केला.

“पाणी घ्या, आजोबा.”

“घरून पिऊन आलोय,” ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बघत होते ताटाकडे. मनुकांच्या रांगेवरून त्यांची नजर या काठापासून त्या काठापर्यंत गेली. कशासाठी ती रांग होती ते त्यांना सांगायला नको होतं. मग डावी बाजू रिकामी दिसली, केळी उजवीकडे दिसली, आणि त्यांच्या भुवया टोपीला जाऊन टेकल्या.

दिवा लावला. स्तोत्रं झाली. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. मी दारात आत्याच्या शेजारी उभी होते आणि तिचा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिला तिथं निळं पडलं. सब्ज्याची डहाळी हातोहात फिरली, सगळ्यांनी वास घेतला. मुसाजीआजोबांनीही घेतला. वास म्हणजे खाणं नव्हे.

मग बाबा ताटावर वाकले. फळांत त्यांचा हात जरा जास्तच वेळ राहिला. मूठ वर आली तेव्हा बोटांतून केळ्याचा तुकडा दिसत होता.

हे काय, मी मनात म्हटलं. आधी झाडाचं फळ घ्यायचं सोडून हे केळ्यानं कशाला सुरुवात करतायत? असू दे. निदान जमिनीची बेराखा म्हणा म्हणजे झालं.

बाबांनी डोळे मिटले, आणि खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा सुटा करून, झाडाची बेराखा म्हटली.

आत्याच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. आईनं तोंडावर हात ठेवला. ओटीवर कोणी हललं नाही, कोणी आमेन म्हटलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी याच ओटीवर, याच चुकीला, माझ्या आजोबांनी सगळ्यांची आमेनं बंद केली होती. आज त्यांच्या मुलानं, जन्मात न चुकलेल्या मोजणीदारानं, तीच चूक केली होती. ज्याला सगळी ओटी हसली होती त्याच्या मांडीला मांडी लावून.

एकेक करत सगळ्यांच्या माना मुसाजीआजोबांकडे वळल्या.

ते बाबांच्या मुठीकडे बघत होते. इतकं निरखून, की मला वाटलं, आता उठतील आणि आजोबांचे शब्द जसेच्या तसे परत करतील. त्यांचा हक्कच होता तो. मला एझ्रा दिसला, पांढराफटक पडलेला. माझ्या डोळ्यांपुढं पनवेल आलं.

मुसाजीआजोबांनी मान वर केली. बाबांच्या डोळ्यांत बघितलं.

“आमेन!” ते म्हणाले.

असं आमेन मी पुन्हा कधी ऐकलं नाही. छपरावरचे कावळे उडाले. त्याच्या मागोमाग सगळ्या ओटीचं आमेन आलं, थोडं गोंधळलेलं, थोडं हसणारं. बाबांनी मूठ घाईघाईनं तोंडाशी नेली आणि मान वळवून चावायला लागले.

“हद्द चुकली की रे मोजणीदार,” मुसाजीआजोबा म्हणाले.

“चुकली खरी, काका.” बाबांचं तोंड भरलेलं होतं.

“तुझा बाप असता, तर काय म्हणाला असता?”

बाबांनी गिळलं. रुमालानं तोंड पुसलं. “माझा बाप त्या दिवशी चुकला होता,” ते म्हणाले. “तुम्ही नव्हता चुकला. तुमच्या घरी नातू आला होता. आनंदात माणसाच्या तोंडून काहीही जातं. त्याला हसायचं नसतं, त्याला पेढा द्यायचा असतो.”

मुसाजीआजोबांनी टोपी सारखी केली. त्यांची हनुवटी हलत होती.

“आणि आज तुझ्या घरी काय आनंद आहे रे, केळ्याची बेराखा चुकायला?” त्यांनी विचारलं.

“ते तुम्ही सांगायचं, काका,” बाबा म्हणाले. “तुमचाच नातू आहे.”

ओटीवर कोणीतरी हसलं. मग म्हातारबुवांनी हात कोटाच्या फुगलेल्या खिशात घातला. मला वाटलं, झालं, आता स्वतःचे चणे खाऊन उठणार. त्यांनी मूठभर चणे काढले, वाकले, आणि मनुकांच्या रांगेच्या डावीकडे, रिकाम्या जागेत, नीट ढीग करून ठेवले.

“ही बाजू ओकीबोकी दिसत होती,” ते म्हणाले. “जमिनीचं काहीतरी हवं.”

आणि एक चणा उचलून त्यांनी जमिनीची बेराखा म्हटली, न अडखळता, पंचवीस वर्षं मनात घोटून ठेवल्यासारखी. या वेळी पहिलं आमेन बाबांचं होतं. जमिनीची बेराखा एकदा म्हटली की ताटातल्या जमिनीच्या सगळ्या पिकांना लागते, म्हणजे आता केळ्यालाही बरोबर बेराखा मिळाली होती. कोणाच्याही पोटात चुकीचं काही जाणार नव्हतं.

मग त्यांनी केळं उचललं.

“खातोय गो!” आत्या माझ्या कानात किंचाळली. “खाल्लं! दुसरं घेतलं! अगो, चिकूपण घेतला!”

माझ्या तोंडून हसू फुटलं की रडू, मला सांगता यायचं नाही. दोन्ही असावं, कारण नाक गळत होतं. ओटीवर एकदम गलका उठला. ताट इकडून तिकडं फिरायला लागलं, पोरं खजुरांवर तुटून पडली, आई रडत रडत मलिदा वाढत होती. एझ्रा तर घाबरून ताटातला गुलाबच खायला निघाला होता. कोणीतरी त्याच्या हातातून तो काढून घेतला.

“ताट कोणी लावलं?” मुसाजीआजोबांनी विचारलं.

मला पुढं ढकलण्यात आलं. “मी लावलं, आजोबा.”

“केळी उजवीकडे कोणी ठेवली?”

मी बाबांकडे बघितलं. बाबा मलिद्याकडे बघत होते.

“मीच,” मी म्हटलं.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “खोटं बोलता येत नाही हिला नीट,” ते एझ्राला म्हणाले. “बरं आहे. आपल्या घरात चालेल.” आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी आमच्या घरचं पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन धावले आणि अर्धं पाणी त्यांच्या कोटावर सांडलं. ते हसले, तर त्यांना पुढचे दोन दात नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

त्या पावसाळ्यात त्यांनी सुपारीच्या कडेनं पुन्हा केळीचे कोंब लावले. आमच्या लग्नाच्या मांडवाला त्याच वाडीतल्या केळी होत्या, घडासकट. पण ते पुढचं. सांगायचं राहिलं आहे ते त्याच दिवशी संध्याकाळचं.

माणसं गेली. मी ओटी झाडून घेत होते. ताटात चार चणे आणि वाकड्या रांगेतल्या काही मनुका उरल्या होत्या. बाबा खांबाला टेकून बसले होते, टोपी मांडीवर. त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्याकडे टाकला.

“धुवायला टाक.”

मी तो झटकला. आतून काहीतरी टक्‌कन जमिनीवर पडलं आणि घरंगळत माझ्या पायाशी आलं. मी उचलून बघितलं. लांबट, तपकिरी, मधोमध चीर असलेली, चाटूनपुसून स्वच्छ केलेली खजुराची बी.

मी ती तळहातावर घेऊन उभी राहिले. पहिल्यांदा काही कळेना. मग बेराखेच्या वेळची ती मूठ आठवली, फळांत जरा जास्त वेळ राहिलेली. त्या मुठीत केळं वर होतं. खाली काय होतं, ते शेजारी बसलेल्या एकाच माणसाला दिसलं असणार. चुकीच्या बेराखेला आमेन म्हणणं दोष आहे हे आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असलेल्या माणसाला. देवाचं नाव बाबांनी बरोबर खजुरावर घेतलं होतं. चूक तेवढी, आम्हा सगळ्यांना दाखवायला, केळ्यावर केली होती.

मी बाबांकडे बघितलं. ते समुद्राकडे बघत होते.

“बाबा,” मी म्हटलं, “केळ्याला बी असते?”

त्यांनी टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर घातली.

“असते कधी कधी,” ते म्हणाले. “ज्या घरच्या रेडिओत दर आठवड्याला सेल आपोआप उलटे होतात ना, त्या घरच्या केळ्याला असते.”

आणि ते बातम्या लावायला आत निघून गेले.